ज्वारीत पुरलेलं सीताफळ

आज ज्वारीचा डबा उघडला आणि पिकल्या सीताफळाचा वास नाकात शिरला. परवा मीच पुरून ठेवलं होतं, तरी हात तिथंच थबकला.

लग्नाच्या वर्षी फौजेतून सुट्टीवर आलो होतो. पारूनं, माझ्या बायकोनं, बांधावरची डोळे उघडलेली, खाचा पांढुरक्या झालेली फळं बघून तोडली आणि ज्वारीत पुरली. माझी सुट्टी चार दिवसांत संपणार होती. जायच्या आधी खायला मिळतंय का न्हाई, म्हणून मी घटकेघटकेला हात घालून दाबत बसायचो.

"आवं, फळ हाय ते, म्हशीची कास न्हवं," ती म्हणाली. "जरा दम धरा की."

दाबून दाबून सगळी काळी पडली. निघायच्या सकाळी तिनं दुसऱ्या मडक्यातनं एक पिकलेलं काढलं. माझ्यापासून लपवून ठेवलेलं. अर्धं अर्धं खाल्लं. तवा मी तिला लबाड म्हणालो. आता कळतंय, तिनं मला पुरतं ओळखलं होतं.

पारू या उन्हाळ्यात गेली. आजचं फळ एकट्यानं खाल्लं, पण बिया टाकल्या न्हाईत. बांधावर लावणार हाय. फळ धरायला चार वर्षं लागतील. लागू देत. दम धरायला आता शिकलोय मी.