एकतीस ऑगस्टचा ताशा

ढोल-पथकात राहिलं की माणसाला दोन गोष्टी चिकटतात, खांदेदुखी आणि किस्से. खांदेदुखी गणपती गेले की हळूहळू जाते. किस्से मात्र साठत राहतात. आमच्या गंगापूर रोडच्या पथकात तर सराव संपून चहा आला की हल्ली प्रत्येक किस्सा फिरून हरीभाऊंवरच येतो. मग कोणीतरी म्हणतं, "जाऊ द्या ना आता." पण जाऊ कोणीच देत नाही.

*

हरीभाऊ म्हणजे हरी रामदीन, त्रिनिदादचे. वेस्ट इंडीजमधलं एक बेट. तिथे ते शाळेत मास्तर होते. बायको मात्र आपल्या नाशिकची, वैशालीताई; मराठी त्यांच्याकडूनच शिकलेले. ताईंच्या आईंनी अंथरूण धरलं, तेव्हा दोघं त्यांच्यासाठी इथे राहायला आले.

आमचा सराव सुरू झाला की हा पांढऱ्या दाढीचा उंच माणूस रोज मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभा. आम्हाला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन आलाय. दरवर्षी एक तरी येतोच. शेवटी आमचा पथकप्रमुख बापू हात जोडून पुढे गेला. बापू मूळचा नांदगावचा, नोकरी सातपूरला. म्हणाला, "साहेब, नऊला बंद करतो. लय त्रास होत असंल तर साडेआठला."

हरीभाऊंनी माझ्या हातातल्या ताशाच्या काड्या घेतल्या, ताशा गळ्यात अडकवला आणि वाजवायला लागले. ढोलवाले ढोल पोटावर घेऊन नुसते बघत राहिले. थांबल्यावर बापूने विचारलं, कुठे शिकलात? तर म्हणाले, "घरी."

त्या दिवशी सराव नऊला काही संपला नाही, आणि खरोखरची तक्रार आली!

*

हळूहळू सगळं कळलं. त्यांचे पणजोबा बिहारातून बोटीने तिकडे गेले, उसाच्या मळ्यात मजुरीला. ताशाचे ताल सोबत गेले. तिकडे तालाला 'हात' म्हणतात. लग्नाआधी बायका वाजतगाजत माती आणायला निघतात, त्या वेळचा एक हात आहे. हरीभाऊंच्या गावात तोच हात एकतीस ऑगस्टलाही वाजतो, कारण तो त्यांचा स्वातंत्र्यदिन.

हरीभाऊंची इच्छा एकच होती. "हा इथून गेला," ते म्हणाले, "एकदा इथे वाजायला पाहिजे. तुमचे सगळे ढोल, आणि मी ऐकणार."

कोणीतरी शंका काढली की ते गेले बिहारातून आणि हे पडलं नाशिक. बापू म्हणाला, "बोटीतून मागं बघितलं तर सगळं एकच दिसत असंल. वाजवू आपण. यंदा गणपती तोंडावर आलेत, पुढच्या वर्षी नक्की."

*

ताल नाही तर नाही, निदान झेंडा तरी लावू, असं ठरलं. एकतीस ऑगस्टला मैदानावर जिलेबी आली. आमच्यातल्या एकाने भाषण केलं, ते वेस्ट इंडीजच्या फास्ट बोलिंगपासून सुरू होऊन तिथेच संपलं. हरीभाऊंनी टाळ्या वाजवल्या आणि मग हळूच सांगितलं की वेस्ट इंडीज हा देश नाही, ती क्रिकेटची टीम आहे.

झेंडा बापूने मोबाइलवर फोटो दाखवून शिंप्याकडून शिवून घेतला होता. लाल कापड, त्यावर तिरका काळा पट्टा, पट्ट्याला दोन्हीकडून पांढरी कड. फडकल्यावर वैशालीताईंनी डोक्याला हात लावला. पट्टा उलट्या बाजूला तिरका झाला होता! आम्ही ओशाळलो. हरीभाऊंनी एकदा झेंड्याकडे पाहिलं, शांतपणे खांबाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून सॅल्यूट केला. तिकडून पट्टा बरोबर दिसत होता.

आम्ही सगळे त्यांच्या मागे पलीकडे गेलो. जिलेबी अलीकडेच राहिली.

*

पुढच्या वर्षी त्यांनी गावाहून स्वतःचा ताशा मागवला. मातीचं भांडं, वर बकऱ्याचं कातडं. आमच्या ताशांवर कातड्याऐवजी फायबरचं पान, पाऊस असो की ऊन, सदा टणक. त्यांचा ताशा मात्र वाजवण्याआधी शेकावा लागायचा. मैदानाच्या कोपऱ्यात त्यांनी काटक्या पेटवल्या आणि ताशा आचेवर धरला. कातडं ताठत चाललं, हरीभाऊ टिचकी मारून कान देऊन ऐकत होते, तेवढ्यात वॉचमन धावत आला आणि त्याने आगीवर बादली ओतली.

भांडं तडकलं. त्याचा आवाज फार मोठा नव्हता.

वॉचमनचा दोष नव्हता. शेकोटीचं त्याला आधी सांगायला हवं होतं, आणि ते आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. बापू रडवेला झाला. हरीभाऊच त्याची समजूत काढत होते की मातीचंच भांडं ते, कधीतरी फुटायचंच. नंतर आम्ही जुन्या नाशकातल्या सलीमभाईंकडून नवा ताशा मढवून आणला. हरीभाऊंनी तो आनंदाने घेतला, पण फुटलेल्याचे तुकडे त्यांनी टाकले नाहीत, हे ताईंनी पुढे कधीतरी सांगितलं.

*

त्या वर्षीही तो हात बसला नाही. मिरवणुकीची सुपारी होती. त्याच्या पुढच्या वर्षी स्पर्धा होती. दरवर्षी हरीभाऊ जुलैपासून शिकवायला यायचे, दोनचार जण शिकायचे, आणि ऑगस्ट उजाडला की आम्ही आपल्या नेहमीच्या ठेक्यावर. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं आता फार वाटतं.

मग ताईंच्या आई गेल्या. त्यानंतर दोघांना इथे थांबायचं कारण उरलं नाही. मे महिन्यात ते त्रिनिदादला परत गेले. निरोपाला बापू म्हणाला, "पुढच्या वर्षी..." आणि त्यांची बॅग उचलायला वाकला.

*

गेल्या वर्षी जूनपासून आम्ही दुसरं काहीच वाजवलं नाही. एक सुपारी सोडली. झेंडा नवा शिवला, या खेपेला पट्टा बरोबर. एकतीस ऑगस्टला संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. हरीभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले, शेजारी ताई.

बापूने इशारा केला आणि आम्ही तो हात उचलला. सगळे ढोल, सगळे ताशे. मैदान हादरत होतं.

संपल्यावर बापू धापा टाकत फोनजवळ गेला. ताई म्हणाल्या, "बापू, आवाज आलाच नाही रे. काहीच नाही."

फोनने आमचे ढोल गोंगाट म्हणून गाळून टाकले होते. आमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्याने सेटिंग बघितलं, फोन बदलला, पुन्हा वाजवलं. ताईंनी पुन्हा मान हलवली. बापू फोनसमोर मटकन खालीच बसला. "इथं होते तवा आयकवलं नाय," एवढंच म्हणाला.

पलीकडे, आमच्या काड्या बघून धरलेल्या ठेक्यावर, हरीभाऊंची बोटं मात्र अजून खुर्चीच्या हातावर चाललेली होती. ती थांबली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि स्क्रीनजवळ आले.

"डावीकडून तिसरा," ते म्हणाले, "पुढे पळतो आहे. परत, पहिल्यापासून."

डावीकडून तिसरा मी. आम्ही परत उचललं.