केवडा आणि काकूंचा कोयता

मंडळी, आमच्या मोहने गावातल्या घरी आज सकाळी केवडा फुलला! सात वर्षं वाट पाहिली मी!

आधी त्याला तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी घालायचे. आत्या बघून हसली, "अगं, खाडीकाठचं झाड ते! त्याला चिखल लागतो." मग मोरीचं पाणी जातं तिथे हलवला. तिथे असा फोफावला, की शेजारच्या काकू कोयता घेऊनच आल्या. "साप येतील, आजच्या आज तोड!" मी तोडला नाही. कोयता मात्र आमच्याकडेच राहिला.

आज गल्लीभर वास सुटला आणि काकू दारात हजर. "गणपतीला एक पान देतेस का गं?"

तुम्ही दिलं असतंत? मी दिलं. त्यांच्याच कोयत्याने कापून!