पाठपोट काका

त्या रविवारी अमेरिकेतल्या, चँडलरच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, आम्ही पाच जण होतो. मी, माझा मुलगा संतोष, सून मेघना, नात ईशा आणि पाठपोट काका. जिच्यासाठी बसलो होतो ती माझी मुलगी लता मात्र तिकडं, कराडजवळ, दिराच्या घरी होती. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

काकांचं खरं नाव इथल्या मराठी मंडळात फार थोड्यांना ठाऊक असेल. कुठलाही कागद हातात दिला की ते आधी उलटा करून मागची बाजू बघायचे. कॉपी काढायची तर पाठपोट, मागं कोरं असलं तरी. एकदा ईशानं त्यांना वाढदिवसाचं कार्ड दिलं, तेसुद्धा आधी मागून बघितलं. ती म्हणाली, "काका, देअर इज नथिंग देअर." काका म्हणाले, "नथिंग आहे हेबी बघावं लागते, बेटा."

मूळचे नागपूरचे. इथं मोठे इंजिनिअर होते, मग रिटायर झाले. बायको गेलेली. रविवारी हॉलवर मराठी शाळा भरायची तेव्हा कोपऱ्यात एक टेबल मांडून बसायचे. ज्याला सरकारी कागद कळत नाही त्यानं यावं. काम वकिलाचं असलं तर स्वच्छ सांगायचे, "हे माझ्या हातातलं नाही, वकील गाठा. मी फक्त वाचून देतो."

आता माझं सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. मालक गेल्यावर संतोषनं मला इथं आणलं. इथल्या इंडियन दुकानाच्या किचनमध्ये मी पोळ्या लाटल्या, बारा वर्षं. बसून खायची सवय नव्हती. पंधरा वर्षं झाल्यावर मला सिटिझनची परीक्षा मराठीतून देता आली. दुभाष्या शेजारी होता. पास झाले, हात वर करून शपथ घेतली. सिटिझन व्हायचं ते लतासाठीच. तिचा नवरा ऐन चाळिशीत गेला, मूलबाळ नाही, दिराच्या घरात एका खोलीत राहायची आणि सगळ्यांचं करायची. मी सिटिझन झाले तर तिला इकडं आणायचा अर्ज करता येणार होता. नंबर लागायला आठ-नऊ वर्षं जातात, म्हणून संतोषनं शपथेनंतर आठवड्याभरात अर्ज पाठवला.

पण मध्ये आम्ही एक करून बसलो होतो. सिटिझनचं सर्टिफिकेट घरी आलं तसं मी ते देवापुढं ठेवलं. नवी गाडी आली, फ्रिज आला, संतोषची डिग्री आली, सगळ्याला आमच्यात हळदकुंकू लागतं. मी विधवा, म्हणून मेघनाला म्हटलं, तू लाव. तिनं ओल्या कुंकवाचं बोट वरच्या कोपऱ्यात टेकवलं. तिथंच लाल अक्षरात नंबर छापलेला होता. संतोष कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे, तिथल्या ऑफिसात त्यानं सर्टिफिकेटची कॉपी काढली, ती काळीपांढरी. नंबराच्या जागी नुसता काळा डाग आला, आणि घाईत त्यानं तो बघितला नाही.

दोन महिन्यांनी सरकारचं पत्र आलं. त्या रविवारी काका ते वाचायला घरी आले. संतोषनं पत्र पुढं केलं. काकांनी ते मागूनपुढून बघितलं आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"काका, तिला नाही कळणार. मी सांगतो तिला नंतर," संतोष म्हणाला.

"अर्ज कोणाचा आहे?"

"आईचा."

"मग तू पाणी आण."

एकेक ओळ मराठी करून त्यांनी मला वाचून दाखवली. लता माझी मुलगी आहे हे सरकारला मान्य होतं. मी इथली नागरिक आहे याचाच पुरावा नीट नव्हता. दिलेल्या मुदतीत तो गेला नाही तर अर्ज रद्द. मग नवा अर्ज, आणि रांगेत पुन्हा शेवटून उभं राहायचं.

मी विचारलं, "आणि मधेच मी गेले तर?"

संतोष म्हणाला, "आई, काहीतरी बोलू नको."

काकांनी चष्मा काढला. "बरोबर विचारून राहिल्या त्या. बाई, हा अर्ज तुमच्या जिवावर आहे. तुम्ही आहात तोवर तो आहे. आता तुम्हाला मरायची सोय नाही."

मी हसले. इतक्या वर्षांत माझ्याशी असं सरळ कुणी बोललं नव्हतं.

संतोषला राग आला होता, तो मेघनावर निघाला. "इकडं सर्टिफिकेटला कुणी कुंकू लावतं का?" मी म्हटलं, मी लावायला सांगितलं. काका म्हणाले, "कुंकवाचं काय चुकलं? नंबर अजूनबी दिसून राहिला. इतक्या बारीक चिप बनवता रे तुम्ही, अन् एक रंगीत कॉपी निघत नाही तुमच्याच्यानं?" ईशा खुदकन हसली.

मग संतोषनं डाग पुसायला ओला कापूस आणला. काकांनी त्याचं मनगट धरलं. "हात नको लावू. डाग म्हणजे डाग आहे. खरवडलं तर खाडाखोड होते, मग उत्तर कोण देईल?" त्यांनी सांगितलं ते असं: मूळ सर्टिफिकेट जोडून माझा इथला पासपोर्ट काढायचा, आणि पासपोर्टची कॉपी अन् सर्टिफिकेटची रंगीत कॉपी दोन्ही पाठवायच्या. नवं सर्टिफिकेट मागवलं तर मुदत निघून जाईल.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो, पासपोर्टचा अर्ज इथं तिथंच घेतात. काका बरोबर होते, पण खिडकीशी त्यांनी मलाच पुढं केलं. तिथल्या बाईनं सर्टिफिकेटच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं. मी काकांकडं बघितलं. ते भिंतीवरची पाटी वाचत उभे. मग मीच म्हटलं, "गॉड. वी पुट." बाईनं कागद उजेडात धरला, नंबर मोठ्यानं वाचला आणि पाकिटात घातला. एवढा एकच कागद माझ्याजवळ होता, तोही गेला. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "माझ्या आईच्या अर्जाला मी मागच्या बाजूची कॉपी लावली नव्हती. अर्ज परत आला. दुसऱ्यांदा पाठवला, तोवर आई थांबली नाही." एवढंच. परत कधी तो विषय काढला नाही.

मुदतीला नऊ दिवस असताना पासपोर्ट आला. सर्टिफिकेट वेगळ्या पाकिटातून आलं. कागद गेले, अर्ज मंजूर झाला, रांगेतली लताची जागा गेली नाही. पुढची वर्षं मी पथ्यपाणी सांभाळून काढली. काका भेटले की विचारायचे, "जगून राहिल्या ना?" मी म्हणायची, "तुम्ही सांगितलंय ना."

गुडघे गेले तसे ते लांब, दुसऱ्या राज्यात, बॉथेलला मुलीकडं राहायला गेले. लता मागच्या वर्षी आली. आता माझ्याच खोलीत झोपते, सकाळी माझ्या आधी उठून चहा करते. काका त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले. त्यांना ती बघायला मिळाली नाही.

लता आल्यावर थोड्या दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती इथंच जन्मलेली, मराठी अर्धीमुर्धी कळते. वडिलांच्या फोनमध्ये तिला 'लताची आई' असा नंबर सापडला होता. तिला वाटायचं, बाबा रविवारी पत्ते खेळायला जातात. तिनं विचारलं, "व्हॉट डिड ही डू फॉर यू, आजी?" मी म्हटलं, "युवर फादर रीड माय पेपर. माय डॉटर कम." पुढं मला इंग्रजी येईना.

म्हणून हे लिहिलं. मंडळातल्या तुमच्यापैकी ज्यांचे कागद काकांनी वाचले असतील, त्यांनी त्यांच्या मुलीला दोन ओळी लिहा. इंग्रजीत लिहा, तिला मराठी वाचता येत नाही. पत्ता मेघनाकडं आहे.