शोभनाकाकूंच्या हातचं कूट

शोभनाकाकू साळवे मूळच्या नगरच्या. दाण्याच्या कुटाशिवाय त्यांचा हात चालत नाही; चहात तेवढं घालत नाहीत, असं मी त्यांना चिडवतो. अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे आल्या आणि इथल्या चर्चमध्ये रमल्या. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दर बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांसाठी सूप असतं. ज्या म्हाताऱ्या माणसांना बर्फातून येता येत नाही, त्यांना काकू घरचं सूप डब्यात पोचवतात. गाडी माझी, कारण मी शेजारी. देवाधर्मात माझी पाटी कोरी, पण काकूंना नाही कोण म्हणणार?

त्या बुधवारी इंग्रिडबाईंना डबा देऊन आम्ही निघालो. बाई ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी त्यांचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. चर्चने हे सगळ्यांना बजावलं होतं. सिग्नलला काकूंनी हातमोजा काढला, नखात अडकलेला कण पाहिला आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"अरे, कूट! मी सवयीने मूठभर कूट टाकलं रे! गाडी टर्न कर!"

मी गाडी वळवली. इंग्रिडबाई फोन उचलेनात. रस्ता निसरडा. काकू पुटपुटत होत्या, "सगळ्यांपुढे मिरवत होते, माझ्या सुपासारखी टेस्ट कुणाच्याच सुपाला नाही म्हणून. गर्व नडला. प्रभू, शिक्षा मला कर, तिला नको."

बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, पण पावलं ऐकू येईनात. काकू दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या. मला खरंच वाटलं, बाई गेल्या.

मग दार उघडलं. वॉकर धरून इंग्रिडबाई उभ्या होत्या. मागे टेबलावर डबा, झाकण तसंच. टीव्हीवर चर्चची प्रार्थना चालू होती, आणि लेंटमध्ये ती संपल्याशिवाय त्या उपवास सोडत नाहीत.

मी हळूच मराठीत म्हटलं, "काकू, सूप खराब झालंय म्हणा आणि चला."

काकूंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सगळं सांगितलं. शेंगदाणे घातले, विसरले, तुमचा जीव गेला असता.

इंग्रिडबाईंनी डब्याकडे पाहिलं. त्यांनी डबा परत दिला आणि दार लावून घेतलं.

काकूंनी घरातलं सगळं कूट फेकलं, मिक्सरचं भांडं आणि पातेलं नवं आणलं. तरी त्यांना स्वतःच्या हाताचा भरवसा वाटेना. यापुढे इंग्रिडबाईंचा डबा दुसऱ्या कुणीतरी न्यावा, असं त्यांनी चर्चला कळवलं. पुढच्या बुधवारी सकाळी इंग्रिडबाईंचाच फोन आला. शोभनाच हवी म्हणाल्या, तिच्याच हातचं हवं.

संध्याकाळी आम्ही नवा डबा घेऊन गेलो. इंग्रिडबाईंनी ॲलर्जीचं इंजेक्शन टेबलावर काढून ठेवलं आणि काकूंना समोर बसवलं. काकूंनी फोनवर ९११ हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर दाबून ठेवला होता, अंगठा कॉलच्या बटणाजवळ. प्रार्थना संपली. इंग्रिडबाईंनी झाकण काढलं, चमचा भरला आणि तोंडात घातला. सुपात काय घातलंय, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.