खाली ठेवलेली नात

पाळणाघराच्या मावशींना एकाच गोष्टीची घमेंड होती. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही मुलाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. खरचटणार कसं? मूल पायरीजवळ गेलं रे गेलं की मावशींनी ते कडेवर घेतलंच. त्यांची सख्खी नात, जिला सगळे ठकी म्हणायचे, ती तर चार वर्षांची झाली तरी जमिनीपेक्षा आजीच्या कमरेवरच जास्त राहिली.

आणि तिथेच घोडं अडलं. शाळाप्रवेशाच्या तपासणीत शाळेच्या डॉक्टरीणबाईंनी स्टुलावर चेंडू ठेवला आणि ठकीला म्हटलं, "चढ आणि घे." ठकीने आजीकडे तोंड फिरवून दोन्ही हात वर केले.

"हिला काही अडलं की हिच्याआधी तुम्ही धावता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग ही डोकं कधी चालवणार? महिनाभर खाली ठेवा. नाही जमलं तर यंदा शाळा नाही."

घरी येताना मावशींच्या लेकीने, म्हणजे ठकीच्या आईने, ठकीला आजीच्या कडेवरून उतरवलं आणि हाताला धरून चालवत आणलं. मावशींना ते चार शब्द सुनावण्यापेक्षा जास्त लागलं.

महिन्याचे आता दोनच दिवस उरले होते. पाळणाघराच्या मागच्या जिन्याला अकरा पायऱ्या; मावशींनी ठकीला तिथे एकटीला सोडलं. ठकी रडतखडत आठवीपर्यंत चढली, तिने खाली बघितलं आणि भोकाड पसरलं. जिन्याखाली उभ्या मावशींचे हात नुसते शिवशिवत होते, म्हणून त्यांनी ते पाठीमागे घट्ट आवळून धरले.

"आजी, घे ना."

"नाही घेत. तू ये. मी इथून हलत नाही."

ठकीचा पाय सटकला. दोन पायऱ्या घसरून ती आपटली, गुडघा सोलवटला, रक्त आलं.  नेमकी तेवढ्यात लेक दारात.

"अगं आई, बघत काय उभी राहिलीस?" म्हणत ती जिन्याकडे धावली. मावशींनी हात आडवा घातला.

"थांब. जरा बघ तिच्याकडे."

ठकीचं रडणं थांबलं होतं. ती पायरीकडे बघत होती, मग पायाकडे, मग परत पायरीकडे. मग ती पालथी झाली, कठडा पकडला, मान वळवून खाली बघितलं आणि एक पाय खाली सोडून पुढची पायरी चाचपू लागली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"विचार करतेय गं ती," लेक हळूच म्हणाली.

मावशींना हायसं वाटायला हवं होतं. पण त्या खालच्या पायरीवर बसून ठकीकडे बघतच राहिल्या. इतकी पोरं अंगाखांद्यावर वाढवली, आणि असा विचारात पडलेला चेहरा त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. एवढा वेळ त्यांनी कधी कुणाला दिलाच नव्हता.