हाडांच्या राजाचा किल्ला

साखळीच्या बस स्टँडवर पणजीच्या गाडीचा कंडक्टर मला म्हणाला, "सर, तुमचो सेनापती गेलो." वारला तो गुणाजी, आयुष्यभर त्याच मार्गावर बस चालवून निवृत्त झालेला. सेनापती तो अलीकडच्या वर्षांतला, पण लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं...

त्याचा मुलगा बोटीवर कामाला गेला आणि घरात संगणक मागे राहिला. त्यात युद्धाचा एक खेळ होता. जादूगार, उडते साप, आणि शेवटी एका खिंडीतला किल्ला, जिथे हाडांचा राजा सांगाड्यांची फौज बाळगून असतो. आपल्याकडे घोडदळ आणि दाढीवाल्या बुटक्यांचं पायदळ. मी पार्स्याहून साखळीला येऊन शाळेत इतिहास शिकवलेला, म्हणून गुणाजीने मला सल्लागार नेमलं. सल्ला मात्र एकही मानला नाही.

त्याचं युद्धशास्त्र शिगम्यातल्या, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणातल्या, घोडेमोडणीच्या नाचातून आलं होतं. तरुणपणी कमरेला लाकडी घोडा बांधून, तलवार उगारून तो ढोलाच्या तालावर नाचायचा. चार पावलं पुढे, चार मागे. मला त्या थाटाचं फारसं कौतुक नव्हतं. ज्याचा घोडा स्वाराच्याच पायांवर चालतो, त्याने फेटा जरा लहान बांधावा, असं मी एकदा म्हणालो.

"म्हणून तर घोड्याचे पांय दुखतात तें म्हाका कळटा, सर."

खेळातही त्याने तेच केलं. भालेवाल्या बुटक्यांची रांग, मध्ये फट. फटीतून घोडे सुटायचे, शत्रूच्या नाकापर्यंत जायचे आणि वळायचे. शत्रू चिडून, रांग मोडून मागे धावायचा. घोडे आत आले की फट मिटायची आणि उरलेलं काम भाले करायचे. राज्यांमागून राज्यं अशी पडली. हाडांच्या राजापाशी मात्र ही विद्या संपली. सांगाड्यांना राग येत नाही. ते जागचे हलतच नाहीत.

मार्ग मला दिसत होता. बुटक्यांना दरवाजावर झुंजत ठेवायचं, तेवढ्यात घोडदळ डोंगराला वळसा घालून मागून किल्ल्यात घुसवायचं. बुटके मरतात, किल्ला मिळतो.

"आनी तांचीं बायल-भुरगीं?"

"अरे, चित्रं आहेत ती! चित्रांना कुठली बायकापोरं?"

"चित्रां जाल्यार सोडून येवपाचीं?"

"किल्लो मागीर घेयात," चहा ओतून ठेवलेल्या वहिनींचा आतून आवाज यायचा, "चाय निंवता."

दर वेळी तो माघार घ्यायचा, हरायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा. किल्ला त्याला हवाच होता. आजारपणात डॉक्टरांपेक्षा हाडांच्या राजाविषयीच जास्त बोलायचा.

परवा वहिनींकडे गेलो. संगणक विकून टाक, असं मुलाने बोटीवरून कळवलं होतं. "विकूंया," वहिनी म्हणाल्या. "पूण भावजी, इस्पितळांत वचपाच्या सकाळीं ते लढाय अर्दी दवरून उठले. तीं माणसां थंय उबीं आसात. तांकां घरा हाडा."

त्यांना घरी आणायला मी त्याच्या खुर्चीत बसलो. ती अजून बसच्या सीटसारखी पुढे ओढलेली होती. पडदा उजळला. बुटके दरवाजावर झुंजत होते आणि घोडदळ डोंगरामागे, किल्ल्याच्या उघड्या पाठीशी उभं होतं. माझीच चाल! शेवटी त्याने माझं ऐकलं होतं... ऐकलं, आणि नेमकं तिथेच लढाई अर्धी ठेवून इस्पितळात जायला उठला होता. एक हुकूम दिला असता तर किल्ला त्याचा होता. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांची नजर बुटक्यांवर होती.

मी घोडे वळवले. भरधाव आणून बुटक्यांच्या आणि सांगाड्यांच्या मध्ये घातले, आणि त्या आखूड पायांच्या चालीने सगळं सैन्य मागे घेऊ लागलो. फार वेळ लागला. पुष्कळ घोडे खिंडीतच राहिले. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत पराभव जाहीर झाला, तुताऱ्यांसकट.

"बुटके आयले?" वहिनींनी विचारलं.

"सगळे."

घोड्यांचं त्यांनी विचारलं नाही.