आलमबागच्या घारी

बँकेतून निवृत्त झाले तेव्हा मी अवघी साठीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. घरी बसवेना, म्हणून इथे लखनौतल्या जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात नोंदवही सांभाळायला गेले. त्या वहीत कुणीही काहीही खरडत होतं. मी पट्टी घेऊन रकाने आखले: आणणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल, सही. मांजानं पंख कापलेली घार खोक्यात फडफडतेय आणि बाईसाहेब विचारताहेत, "भैया, पिन कोड?" एका रिक्षावाल्याची सही मागच्या सहीशी जुळेना, तर त्याला तीनदा करायला लावली! घारीसाठी उरला बोटभर रकाना. त्यात लिहायचं, 'घार, एक.'

अशा सहा वह्या भरल्या. मग माझी नात पक्ष्यांवर संशोधन करू लागली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. घारी मांजात नेमक्या कुठे अडकतात, याचा तिला नकाशा करायचा होता. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अख्खं लखनौ पतंग उडवतं. त्याआधी विजेच्या तारांत लटकलेला मांजा काढून द्यायला वीजवाले तयार झाले होते, पण एकाच भागातला. तो भाग माझ्या वह्यांवरून ठरणार होता.

वह्या द्यायच्या म्हटल्यावर माझ्यातली बँकवाली जागी झाली. लोकांची खाजगी माहिती अशी कशी देणार? नावं, नंबर, घर क्रमांक, सगळं काळ्या शाईनं खोडलं. मोहल्ला तेवढा ठेवला.

दोन दिवसांनी नात नकाशा घेऊन आली. "आजी, सारी चीलें आलमबाग में ही कटती हैं क्या?"

"वहीत आहे ना? मग तसंच असणार."

"आजी, यह पता चील का है या लाने वाले का?"

मी चष्मा पुसून रकाना पुन्हा वाचला. पत्ता आणणाऱ्याचाच होता.

बहुतेक खोकी तो तीन सह्यांचा रिक्षावालाच आणायचा, आणि राहायचा आलमबागला. त्याचा नंबर मीच खोडलेला. शेवटी पान खिडकीशी उजेडात धरून एकेक आकडा वाचला. नात नुसती हसत होती.

"अम्माजी, वो तो चिनहट के तालाब के पास से उठाता हूँ," तो फोनवर म्हणाला. "वहाँ तारों में मांझा भरा पड़ा है."

"तो पहले क्यों नहीं बताया?"

"आपने पूछा कब? आप तो पिताजी का नाम पूछती रहीं!"

वीजवाले आलमबागला निघायच्या आत नातीनं त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिनहटला वळवलं. मी नवी वही आखली. पहिला रकाना: कुठे सापडली.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिनहटहून एकही खोका आला नाही. मी दारातच खुर्ची टाकून बसले होते. संध्याकाळी रिक्षा थांबली. तो खोका घेऊन उतरला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "अम्माजी, लिख लीजिए. यह वाली सचमुच आलमबाग की है."